रानातले गोड चेस्टनट: ओळखावेत, वेचावेत आणि भाजावेत कसे

इंग्लंडच्या दक्षिण भागात ऑक्टोबर महिन्यात गोड चेस्टनटची फळे पिकून झाडाखाली गळू लागतात. त्यांची चव आपल्याकडच्या भाजलेल्या आठळीशी बरीच जुळते, फक्त गोडवा तिच्याहून अधिक असतो. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती लवकरच आवडू लागतात.

भाजण्याआधी झाड नीट ओळखणे अत्यावश्यक आहे, कारण त्याच सुमारास हॉर्स चेस्टनटच्या बियाही गळत असतात आणि त्या विषारी असतात. भाजल्याने त्यांचा विषारीपणा जात नाही. गोड चेस्टनटचे पान एकेरी, लांबट आणि करवतीसारख्या दातेरी कडांचे असते, तर हॉर्स चेस्टनटच्या एका देठावर पाच ते सात पर्णिका पंजासारख्या पसरलेल्या असतात. बोंडांतील फरक त्याहूनही स्पष्ट आहे. खाण्याजोग्या फळाचे बोंड बारीक, दाट काट्यांनी इतके भरलेले असते की दुरून ते कदंबाच्या फुलासारखे दिसते (हात लावताच हा गैरसमज दूर होतो), आणि त्यात बहुधा दोन-तीन फळे असतात. विषारी बोंडावर मात्र धोत्र्याच्या बोंडासारखे विरळ, आखूड काटे असतात. खाण्याच्या फळाच्या टोकाला लहानसा झुपकेदार शेंडा असतो. विषारी बी गोल, गुळगुळीत आणि शेंडा नसलेली असते. जराशी शंका आली तरी ते फळ उचलू नये.

इंग्लंड व वेल्समधील १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार, आपोआप उगवलेल्या रानझाडांची फळे विक्रीच्या हेतूशिवाय वेचणे ही चोरी ठरत नाही. परंतु लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये फळे वेचण्यास मनाई आहे आणि खासगी जागेत शिरण्यासाठी मालकाची परवानगी लागतेच. वेचताना जाड हातमोजे घालावेत आणि बोंड बुटाखाली हलके दाबून उघडावे.

घरी आल्यावर फळे पाण्यात टाकावीत. जी तरंगतील, ती सहसा किडलेली किंवा आतून सुकलेली असल्याने काढून टाकावीत; ज्यांच्या सालीवर बारीक गोल छिद्र आहे, तीही बाजूला करावीत. उरलेली फळे अर्धा तास पाण्यात भिजवल्यास साल मऊ होऊन चीर देणे सोपे जाते.

ही चीर म्हणजे संपूर्ण कृतीचा गाभा आहे. ताज्या चेस्टनटचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. उष्णतेने त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर फळ फटाक्यासारखे फुटून गरम तुकडे तोंडावर उडू शकतात. म्हणून फळाची सपाट बाजू खाली ठेवून, वरच्या फुगीर बाजूवर धारदार सुरीने टरफल आणि त्याखालचा पापुद्रा दोन्ही कापले जातील अशी आडवी चीर द्यावी. सुरी निसटण्याची शक्यता बरीच असल्याने घाई करू नये.

ओव्हनमध्ये भाजायचे असल्यास तो २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून फळे एका थरात पसरावीत आणि वीस ते तीस मिनिटे भाजावीत. चिरेच्या कडा उलगडून आतला गर पिवळसर दिसू लागला आणि तो मऊ झाला, की ती तयार झाली असे समजावे.

अंगणात भाजण्याची गंमत मात्र वेगळी आहे. हुरड्याप्रमाणे येथेही ज्वाळा नको, निखारेच हवेत. ज्वाळेवर साल जळते आणि गर कच्चा राहतो. तळाला भोके असलेल्या लोखंडी तव्यात किंवा जाड बिडाच्या तव्यात फळे सतत हलवत, निखाऱ्यांच्या जोरानुसार पंधरा ते वीस मिनिटे भाजावीत. रानात विस्तव पेटवण्यास जागामालकाची परवानगी लागते, त्यामुळे घरच्या अंगणातील शेगडीच बरी.

भाजलेली फळे लगेच जाड फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावीत, म्हणजे वाफेने साल सैल होते. सोलण्याचे काम गरम असतानाच उरकावे, कारण थंड झाल्यावर आतला तुरट पापुद्रा गराला घट्ट चिकटतो. सोललेल्या गरावर थोडे मीठ आणि साजूक तूप घ्यावे. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांना चेस्टनटचाही त्रास होऊ शकतो, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

न भाजलेली फळे फळीवर ठेवल्यास लवकर सुकतात किंवा बुरशीने खराब होतात. ती कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि आठवडाभरात संपवावीत.