फोन मंदावला, तापला, भिजला? हे उपाय करू नका

फोन हळू चालायला लागला की आजूबाजूचे सल्ले ठरलेले असतात. क्लीनर ॲप टाका, मागची सगळी ॲप्स उडवा, नाहीतर सरळ रिसेट मारा. यातलं एकही पहिल्या फटक्यात करण्यासारखं नाही. मूळ दुखणं बहुतेक वेळा किरकोळ असतं आणि घरगुती उपायांनीच ते वाढतं. खाली दिलेल्या पायऱ्या अँड्रॉइड फोनच्या आहेत. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात, म्हणून एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत त्याचं नाव टाका.

मंद फोन: आधी जागा बघा

स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन अडखळतो, कारण नवीन काही लिहायला मोकळी जागा लागते. निदान दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. जागा खाणारा पहिला संशयित व्हॉट्सॲप. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाईकांचा ग्रुप, आणि प्रत्येकात सकाळचे शुभेच्छांचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज उघडा. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या दिसतात. सफाई तिथूनच सुरू करा. मग एक पान मागे, स्टोरेज अँड डेटामध्ये येऊन मीडिया ऑटो-डाउनलोड उघडा आणि मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींत व्हिडिओसमोरची खूण काढा. वायफायचं विसरायला होतं आणि महिनाभरात फोन पुन्हा भरतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की फोटो गॅलरीत दिसत नाहीत, पण ते फोनमध्येच राहतात. जागा एका एमबीनेही वाचत नाही.

ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' शेजारी-शेजारी असतात. कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइल्स, त्या उडाल्या तर ॲप पुन्हा बनवतं. डेटा उडवला की ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सॲपवर हे केलंत तर शेवटच्या बॅकअपनंतरच्या गप्पा गेल्या म्हणून समजा.

गुगल फोटोजमध्ये तर हमखास पाय घसरतो. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. चुकून डिलीट झालंच तर घाबरू नका. बॅकअप झालेले फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस.

क्लाउडची जागाही अमर्याद नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी फुकट मिळतात. १ जून २०२१ पासून नवीन फोटो त्यात मोजले जातात आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही. ही जागा भरली की जीमेलवर नवीन मेल येणं बंद होतं. मुलाखतीच्या मेलची वाट बघणाऱ्याने हे आधी तपासावं. फोटोजमध्ये बॅकअपचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' ठेवा. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत राहतात, घरगुती वापराला ते पुष्कळ झालं. 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये व्हॉट्सॲपचं फोल्डर बंद ठेवा, म्हणजे शुभेच्छांचा कचरा क्लाउडवर चढणार नाही.

क्लीनर आणि 'बॅटरी डॉक्टर' छापाची ॲप्स आजच काढून टाका. ती स्वतःच मागे चालत राहतात, जाहिराती दाखवतात आणि नको त्या परवानग्या मागतात. अलीकडची ॲप्स सतत वर ढकलून बंद करण्याचाही फायदा नाही. बंद केलेलं ॲप पुन्हा शून्यापासून सुरू व्हायला जास्त वेळ आणि जास्त बॅटरी लागते. अडकलेलं ॲप बंद करणं वेगळं, ते जरूर करा.

जागा भरपूर आहे तरी फोन रखडतोय? मग सेफ मोड लावा. पॉवरच्या मेनूमधल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये तो पर्याय येतो. या मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स बंद असतात. फोन सुरळीत चालला तर दोषी त्यांच्यातलंच कोणीतरी. नेहमीसारखा रीस्टार्ट करून शेवटी टाकलेल्या ॲपपासून एकेक काढत जा. होम स्क्रीनवरची विजेट्स यात कधीकधी नाहीशी होतात, म्हणून आधी एक स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

मेसेज फोन उघडल्यावरच धाडधाड येत असतील तर नेटवर्कला दोष देण्याआधी त्या ॲपच्या माहितीत बॅटरी उघडा. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर 'ऑप्टिमाइज्ड' करा.

हँडलवरचा फोन

एप्रिल-मेमध्ये पुण्यातला पारा चाळिशीला टेकतो. अशा दुपारी कर्वे रोडवर दुचाकीच्या हँडलला फोन अडकवलाय, मॅप चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर जाड कव्हर आणि खालून चार्जर. उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितलंय आणि बाकीच्या फोनची गत फार वेगळी नाही. मग स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जिंग थांबतं, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडतो. हा बिघाड नव्हे, फोन स्वतःला वाचवत असतो. सावलीत थांबा, चार्जर काढा, कव्हर काढा. फ्रिजमध्ये किंवा एसीच्या झोतासमोर धरू नका, आत पाण्याचे कण जमतात.

हँडलचा दुसरा मार कॅमेऱ्याला बसतो. चांगल्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग हलतं ठेवलेलं असतं. इंजिनाच्या सततच्या थरथरीने ती यंत्रणा निकामी होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला. लक्षण ओळखायला सोपं आहे: कॅमेरा उघडताच चित्र जेलीसारखं लहरतं आणि फोकस लागत नाही. कॅमेरा बंद असताना फोन हलवल्यावर येणारी हलकी खुळखुळ मात्र अशा अनेक फोनमध्ये नेहमीचीच असते. होल्डर लावायचाच असेल तर थरथर शोषणारा घ्या. त्याहून बरं म्हणजे निघण्याआधी रस्ता बघा आणि मध्ये लागलं तर गाडी बाजूला घेऊन बघा.

ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते, तेव्हा मॅप आधीच उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलचं चित्र, ऑफलाइन मॅप्स, मग सिलेक्ट युअर ओन मॅप. चौकोनात पुण्यापासून माणगावपर्यंतचा पट्टा घ्या. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक कळत नाही आणि पायी जाण्याचा मार्गही मिळत नाही. ट्रेकला निघालेल्यांनी त्यावर विसंबू नये.

बॅटरीचं आयुष्य वाढवायचं तर सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का ते बघा. सॅमसंग, पिक्सेल, आयफोन १५ आणि त्यापुढच्या आयफोनमध्ये ती आहे.

भिजलेला फोन तांदळात नको

तांदूळ पोर्टमधलं पाणी ओढून काढत नाही, उलट त्याची कणी आणि पीठ आत जाऊन बसतं. कापूस, टिश्यूची गुंडाळी, हेअर ड्रायर हेही नको. चार्जिंग पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा आणि वाऱ्याला ठेवा. अर्ध्या तासाने केबल लावून बघा. ओलाव्याचा इशारा पुन्हा आला तर काढा आणि थांबा, पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो. इशारा डावलून चार्ज करत राहिलात तर ओल्या पिनांमधून वीज वाहते, त्या गंजतात आणि मग पोर्टच बदलावा लागतो.

आयपी६८ (पाणी आणि धूळ रोखण्याचं मानांकन) लिहिलंय म्हणून पावसात फोन बिनधास्त बाहेर काढू नका. ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होते. सील कालांतराने सैल पडतं आणि डिस्प्ले बदलायला फोन उघडला की आधीची खात्री उरत नाही.

पत्रिका एपीके नसते

लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. ट्रॅफिक चलन, गॅस बिल, वीजबिल यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर पुढे जातात. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स या वाटेने जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्ससमोरचं बटण बंद करा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आज संध्याकाळीच करा.

ॲप टाकलं गेलंच असेल तर पहिल्यांदा एअरप्लेन मोड, वायफायही बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ॲप निघत नसेल तर त्याची ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी काढून सेफ मोडमध्ये काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरूनच.

हरवण्याआधीची तयारी

विसर्जन मिरवणुकीत किंवा स्वारगेटच्या गर्दीत फोन गेल्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, शोधत बसण्यात अर्थ नाही. आत्ता *#०६# डायल करा, १५ आकडी क्रमांक कागदावर लिहा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो. सिम लॉकही लावा, म्हणजे चोराला सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून वापरता येणार नाही. पण सिमचा सध्याचा पिन सिम कंपनीला विचारल्याशिवाय अंदाजाने टाकू नका. तीन चुकांनंतर पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कोड) लागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

फोन गेल्यावर गुगलच्या फाइंड हबमधून (हरवलेला फोन शोधायची सोय) लॉक करा, सिम आणि यूपीआय बंद करवा, पोलिसांत तक्रार द्या आणि त्या तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआरवर (हरवलेले फोन बंद करायची सोय) आयएमईआय ब्लॉक करा. इथे एक अडचण येते. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपी नाही. गुगलमध्ये शिरायला पडताळणी लागते आणि ती नेमकी हरवलेल्या फोनवर जाते. म्हणून गुगल खात्याच्या सिक्युरिटीमधून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचे दहा बॅकअप कोड काढा, छापा आणि आयएमईआयच्या कागदाबरोबर घरच्या कपाटात ठेवा. एक कोड एकदाच चालतो, वापरलात की त्यावर रेघ मारा.