शेल्टरचं पुरुमेत कसं भरावं

मे महिना आला की गोव्यात घरोघरी पुरुमेताची गडबड सुरू होते. मडगाव-म्हापशाच्या बाजारातून सुकी मासळी, मिरची, सोलं, चिंच येते, पावसाळ्याची बेगमी होते. त्याच महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली खानावळीची खोपटं, उतरवली जातात. शॅकमधल्या उरल्यासुरल्यावर आणि पर्यटकांच्या हातच्या घासावर जगलेली कुत्री आठवड्याभरात उपाशी पडतात. जखमांत किडे पडायचे दिवसही हेच. अशा जनावरांना आसरा देणाऱ्या शेल्टरचे पिंजरे भरतात ते पावसात, आणि आपल्याला दानाची आठवण होते ती डिसेंबरात किंवा मुलाच्या वाढदिवसाला.

म्हणून शेल्टरला मदत करायची तर पुरुमेतासारखी करावी. आधी विचारून, ठरवून आणि चार महिने पुरेल अशी. वाड्यावरची दहा घरं एकत्र आली तर हे सहज जमतं.

आधी जाऊन बघा

आसगावचं इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, कुडचड्याचं गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट अशा संस्थांची नावं आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतात. जवळची कोणतीही निवडा, पण फोन करून, त्यांच्या वेळेत जा. संस्थेची नोंदणी आहे का, पशुवैद्य कधी येतात, नव्याने आलेल्या आजारी जनावरांना वेगळं ठेवायची सोय आहे का, हे सरळ विचारा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असावी लागते, तीही विचारून घ्या.

यादी त्यांच्याकडून घ्या

गेल्या आषाढात मी एका शेल्टरच्या कोठीत उभी होते. फळीवर ग्लुकोज बिस्किटांचे पुडे छताला टेकलेले, खालच्यांना बुरशीचा वास येत होता. कोपऱ्यातल्या बादलीवर एकच टॉवेल पिळून टाकलेला. पलीकडे ऑपरेशन होऊन आलेली एक तांबूस कुत्री ओल्या लादीवर कुडकुडत होती. तिथल्या ताई म्हणाल्या, "बिस्किटं सगळे आणतात गो बाय. जुनी चादर कोण आणत नाही."

तेव्हापासून मी यादी विचारल्याशिवाय काही नेत नाही. बहुतेक वेळा त्यात जुन्या चादरी, टॉवेल, गोणपाट, रद्दी, स्टीलची भांडी, तांदूळ आणि ब्लीच असतं. ब्लीचचं महत्त्व मोठं आहे. पिल्लांना मारणारा पार्व्हो विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. पाणी घालून पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. काळं फिनेल मात्र नेऊ नका, मांजरांना ते विषासारखं बाधतं. शिजवलेलं अन्न न्यायचं असेल तर कांदा, लसूण आणि शिजलेली हाडं त्यात अजिबात नकोत.

हिशेबही मनात असू द्या. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाव किलो कोरडं खाणं लागतं. शंभर कुत्री असतील तर पंचवीस किलो, म्हणजे वीस किलोची एक पिशवी एक दिवससुद्धा पुरत नाही. एकदाच नेलेल्या पिशवीपेक्षा दर महिन्याला नक्की येणारी पिशवी शेल्टरला जास्त उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर पुढचं ठरवता येतं.

दहा घरांची वर्गणी

घरटी दोनशे धरले तरी महिन्याला दोन हजार होतात. वही एकाच घरात ठेवा आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यावरच भरा. आयकरात देणगीवरची सवलत (८०जी) हवी असेल तर ज्याने त्याने आपल्या नावाने भरावं आणि पॅन कळवावा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. तांदळाच्या पोत्याला किंवा चादरींनाही नाही, ती फक्त पैशांना आहे. नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ती मिळतच नाही.

आपल्याकडे एक गोष्ट जपायलाच हवी. घरोघरी कोणी ना कोणी परदेशात आहे. भारतीय पासपोर्टवर आखातात काम करणाऱ्या भावाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या मामाची देणगी परदेशी ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेला आणि तिच्या त्यासाठीच्या खात्यातच घेता येते. मामाचे पैसे आपल्या खात्यावर मागवून पुढे भरू नका. आपण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीपायी संस्थेची नोंदणी अडचणीत येऊ शकते.

हातांची मदत

रविवारचे दोन तास पुरतात. कुत्र्यांना कुरवाळायला जायचं आहे असं मनात धरून जाऊ नका, चादरी धुवायला आणि पिंजरे घासायला जा. जनावरं हाताळायची असतील तर डॉक्टरांना विचारून रेबीजची लस आधीच घ्या. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तरी चावा लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, यात सूट नाही. घरी परतल्यावर कपडे बदलून मगच आपल्या पिल्लाला जवळ घ्या.

ज्याच्याकडे पिकअप किंवा मोठी गाडी आहे त्याचा नंबर, त्याला विचारून, शेल्टरला देऊन ठेवा. रात्री अपघात झालेलं जनावर आणायला गाडी लागते तेव्हा हा एक नंबर पुरतो.

वाड्यावरचं काम वाड्यावरच

सगळ्यात मोठी मदत ही, की शेल्टरकडे जनावरं कमी जावीत. "कुत्री घेऊन जा" असा फोन करू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं सहसा जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. कानाला खाच दिसली की त्याची नसबंदी झाली आहे असं समजा. न झालेल्यांची यादी करून तारीख ठरवा. धरायच्या दिवशी त्याला रोज भाकरी घालणारं माणूस समोर असलं तर जनावर बिथरत नाही. खाऊ घालायची जागा जिने, दरवाजे आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर, ठरल्या वेळेला असावी असंही हेच नियम सांगतात. त्यावरून शेजाऱ्यांत वाद असेल तर पंचांना सांगून ग्रामसभेत विषय मांडा.

आणि पिल्लं गोणीत घालून फाटकाशी सोडू नका. ओल्या गोणीतलं पिल्लू आईच्या दुधाशिवाय आणि उबेशिवाय तासातासाला खालावतं. आई जवळपास असेल तर कोरडा आडोसा करून दोघांना तिथेच राहू द्या. आई नसेल तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा, गाईचं दूध पाजू नका, त्याने जुलाब लागतात. मग शेल्टरला फोन करून विचारा. जागा नसेल तर लस होईपर्यंत एखाद्या घराने सांभाळायची तयारी ठेवावी. एक खोका आणि एक कोपरा तेवढा लागतो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या रविवारी यादी पुन्हा मागून घ्या. फटाक्यांना घाबरून पळालेली, गाडीखाली आलेली जनावरं त्याच आठवड्यात येतात. मलमपट्टीचं सामान आणि गाडीवाला, दोन्ही तेव्हा तयार हवेत.