विमानात ‘कुणी डॉक्टर आहे का?’ असं विचारलं, तर या चुका टाळा

मुंबईतल्या डॉक्टरांच्या गप्पांत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हेडफोन लावून झोपेचं सोंग घ्यावं. उगाच कोर्टकचेरी कोण मागे लावून घेणार?’ पहिली चूक हीच.

रुग्ण बेशुद्ध आहे, संमती द्यायला जवळ कुणी नाही आणि थांबायला वेळही नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० नुसार गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हेच कलम ९२ होतं. शिवाय डॉक्टरवर फौजदारी ठपका ठेवायचा तर निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे. विनामूल्य सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणून प्रवाशाने कृतज्ञतेने पुढे केलेलं पाकीट घेऊ नका.

दुसरी चूक कायद्यांची सरमिसळ. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्ते अपघातापुरतं. विमानातल्या गुन्ह्यांबाबत १९६३ च्या टोकियो करारानुसार मुख्यतः विमानाची नोंदणी ज्या देशात, त्याचा अधिकार चालतो. मुंबईहून अमेरिकी कंपनीच्या विमानाने निघालात, तर तिथला १९९८ चा कायदा घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन सोडून नुकसानभरपाईच्या दाव्यापासून वाचवतो. फ्रान्स आणि जर्मनीत मात्र शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे. सोंग घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता प्रत्यक्ष केबिनमध्ये. दोन पेग झाले असतील तर तसं सांगा आणि दुसरं कुणी असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. आपली शाखा लपवू नका. त्वचारोगतज्ज्ञाने छातीदुखीच्या रुग्णाला जमेल तेवढी मदत करावी, हृदयरोगतज्ज्ञाचा आव आणू नये. रुग्ण शुद्धीत असेल तर आधी विचारा, मगच हात लावा. केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा असतो. त्यामुळे धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन थोडा खाली दिसतो. एकट्या आकड्यावर घाबरू नका. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपने बीपी ऐकू येईलच असं नाही. नाडीवर बोटं ठेवून वरचा आकडा काढा, आणि तसाच काढला असंही लिहा.

विमान मध्येच उतरवायचं का, हा निर्णय वैमानिकाचा. तुम्ही फक्त मत द्या आणि जमिनीवरच्या वैद्यकीय सल्लागाराशी बोलता येत असेल तर त्याला सामील करून घ्या.

सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती लिहिण्याची. वेळ, नाडी, बीपी, दिलेलं औषध आणि मात्रा, रुग्णाने काही नाकारलं असेल तर तेही, हे सगळं कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवर सहीनिशी उतरवा. आणि उतरल्यावर रुग्णाच्या फोटोसह व्हॉट्सॲपवर शौर्यकथा टाकू नका. उपचारात कुणी खोट काढू शकणार नाही, पण गोपनीयतेचा भंग मात्र तुमच्याच हाताने लेखी सापडेल.

परदेशी वारंवार जात असाल तर व्यावसायिक विम्याच्या पॉलिसीतली भौगोलिक मर्यादा तपासा. ती भारतापुरती असेल तर वाढवून मिळते का, हे तिकीट काढण्याआधीच एजंटला विचारा.