धार शेवटी लावायची: फोटो लहान करण्याच्या कामातली माझी उमेदवारी

तालुक्याच्या गावी स्टुडिओत काम शिकायला लागलो तेव्हा आपण फोटोग्राफर होणार, असं मनात होतं. पहिलं वर्ष मात्र पोरांचे फोटो 'केबीत बसवण्यात' गेलं. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. ही मापं मला अजून पाढ्यांसारखी पाठ आहेत.

एकदा फॉर्मची शेवटची तारीख होती. रात्रीचे साडेदहा, दुकानात गर्दी, साइट गोल गोल फिरतेय, आणि एका पोराची सही स्क्रीनवर राखाडी ढगासारखी दिसतेय. मी काय केलं होतं? मोबाइलवर काढलेला सहीचा फोटो १४० बाय ६० केला. फाइल झाली ६ केबी. १० च्या खाली असल्यामुळे साइट घेईना. म्हणून तीच फाइल मोठी केली, सेव्ह केली. आता २५ केबी. परत लहान केली. असं चारदा. मालक, म्हणजे आमचे काका, मागून बघत होते. म्हणाले, "झेरॉक्सची झेरॉक्स काढतोयस होय रे? मूळ फाइल कुठंय?"

मूळ फाइल उघडली, एकदाच लहान केली, जेपेगची क्वालिटी शेवटपर्यंत सरकवली. १२ केबी. सही बसली.

पण ती अजून फिकीच होती, आणि त्याचं कारण मला खूप नंतर कळलं. मूळ फोटोत सही साधारण १४०० पिक्सेल रुंद होती आणि डॉटपेनची रेघ ८ पिक्सेल जाड. १४०० चे १४० केले की ८ चा होतो ०.८. पिक्सेलपेक्षा बारीक रेघ काळी कशी दिसणार? शेजारच्या पांढऱ्यात मिसळून ती राखाडीच होते. नुसतं लहान केलं तर ती पूर्ण काळी राहत नाही. जाड जेल पेनने सही करून घ्यायची, एवढंच. त्यानंतर काउंटरवर आम्ही दोऱ्याने एक जाड काळं पेन बांधून ठेवलं.

नव्याने शिकणाऱ्यांनी आधी पिक्सेल आणि केबी वेगळे ओळखावेत. पिक्सेल म्हणजे फोटोचं माप. केबी म्हणजे ते माप साठवायला लागलेली जागा. माप तेवढंच ठेवून क्वालिटी घटवली तरी केबी कमी होतात, आणि क्वालिटी तीच ठेवून माप घटवलं तरीही होतात. लोक घाईत दोन्ही करतात, मग फोटो 'फाटला' म्हणतात.

तिसरा घोटाळा डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके या आकड्याचा. पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेलो, तिथे समोर दोन फोटो उघडून ठेवले. दोन्ही १००० बाय १५०० पिक्सेल. एकावर ७२ लिहिलेलं, दुसऱ्यावर ३००. "वेबसाइटवर कोणता जास्त शार्प दिसेल?" मी ऐटीत सांगितलं, ३०० वाला. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. दोन्ही एकच आहेत. तो आकडा म्हणजे प्रिंटरला लिहिलेली चिठ्ठी, की इंचाला इतके पिक्सेल छाप. स्क्रीन ती चिठ्ठी वाचतच नाही. ७२ हा आकडा १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरून चिकटला, तो पडदा इंचाला ७२ पिक्सेलचा होता. पडदे बदलले, आकडा राहिला. नोकरी तरीही मिळाली, का ते मी विचारलं नाही.

तिथलं काम साड्यांचं. साड्या आडव्या अंथरून वरून फोटो काढायचे आणि ऑनलाइन दुकानासाठी तयार करायचे. खरं शिक्षण तिथे झालं आणि ते खणाने दिलं.

खणाचं कापड जवळून बघितलंय ना? बारीक ठिपके, बारीक रेषा, सगळीकडे एकसारखं. पहिल्याच लॉटमध्ये २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले, म्हणजे ६००० बाय ४००० चे फोटो मी १००० पिक्सेल रुंद केले, आणि साडीवर पाण्यासारख्या लाटा उठल्या. मूळ फोटो स्वच्छ. लहान फोटोत कापडावर नसलेली इंद्रधनुषी नक्षी. याला मॉरे म्हणतात.

कागदावर हिशेब मांडला तेव्हा डोक्यात उजेड पडला. साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटीमीटर. त्यावर सेंटीमीटरला २० बारीक रेषा धरल्या तर २३०० रेषा. एक रेष दाखवायला कमीत कमी २ पिक्सेल हवेत, एक उजेडाचा आणि एक काळोखाचा. ६००० पिक्सेलमध्ये एका रेषेच्या वाट्याला अडीचच्या वर येतात, म्हणून मूळ फोटोत सगळं दिसतं. १००० पिक्सेलमध्ये अर्धाही येत नाही. सॉफ्टवेअर मधले मधले पिक्सेल उचलतं, कधी रेष हाती लागते, कधी फट, आणि त्या चुकलेल्या उचलीतून लाटा तयार होतात.

म्हणून लहान करण्याची पद्धत महत्त्वाची. फोटोशॉपात इमेज साइजच्या खिडकीत रीसॅम्पल नावाची यादी असते. त्यातली निअरेस्ट नेबर ही पद्धत खरोखरच एक पिक्सेल उचलते आणि बाकीचे टाकून देते. कापडाला ती विष आहे. बायक्युबिक आजूबाजूचे पिक्सेल तोलून सरासरी काढते. इरफानव्ह्यू आणि स्क्वूश या फोटो लहान करायच्या सॉफ्टवेअरांत लँक्झोस ही पद्धत असते, हंगेरीत जन्मलेल्या कॉर्नेलियस लँक्झोस या गणितज्ञाच्या नावाची. बारीक तपशिलाला मला ती सगळ्यात आवडते. लाटा तरीही उठल्या तर लहान करण्याआधी मूळ फोटोच्या प्रतीवर अगदी हलका ब्लर द्यायचा. शार्प फोटो हवा म्हणून आधी ब्लर? मलाही वेडेपणा वाटला होता. पण ज्या रेषा लहान मापात बसणारच नाहीत, त्या आपण होऊन सोडून दिल्या की बाकीचं कापड शांत बसतं. आणि पोत दाखवायचाच असेल तर पदराचा जवळून वेगळा फोटो काढा. अख्खी साडी आणि तिचा धागा एकाच हजार पिक्सेलमध्ये दाखवायचा हट्ट मी सोडला.

अजून एक फसगत. फोटोशॉपात ३३ किंवा ६७ टक्क्यांवर बघून निर्णय घेऊ नका. तिथे दिसणाऱ्या लाटा कधी फोटोत असतात, कधी नुसत्या त्या झूममध्ये. १०० टक्क्यांवर बघा. तसंच वेबपानावर फोटो ७३० रुंदीत दिसणार असेल आणि तुम्ही १००० चा दिला, तर ब्राउझर तो आपल्या पद्धतीने पुन्हा लहान करतो आणि तुम्ही मारलेल्या लाटा जिवंत होतात. पान बनवणाऱ्याला आधी विचारा की चौकट नेमकी किती पिक्सेलची आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या नवख्या माणसाकडे लोक जरा आदराने बघतात.

आता धारेबद्दल. शार्पनिंगला काका धार लावणं म्हणायचे. "विळीला धार लावतात ती चिरायला बसायच्या आधी. अडगळीत ठेवायच्या आधी लावली तर बोथटच होणार." फोटोचंही तसंच. मोठ्या फोटोला धार लावून मग लहान केलं तर ती सरासरीत विरघळून जाते. फोटो लहान केला की थोडा मऊ पडतोच, त्यात तुमची चूक नसते. म्हणून आधी शेवटचं माप, मग धार. आणि एकदाच.

अनशार्प मास्क या नावाने मी गोंधळलो होतो. शार्प करायचं आणि नाव 'अनशार्प'? हे डार्करूमच्या काळातलं आहे. निगेटिव्हवरून एक मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह करायचे, ती निगेटिव्हला जोडून प्रिंट काढायचे, आणि कडा उठून यायच्या. संगणकही तेच करतो. तीन आकडे असतात: अमाउंट म्हणजे जोर, रेडियस म्हणजे कडेच्या दोन्ही बाजूंना परिणाम किती लांब पसरायचा, थ्रेशोल्ड म्हणजे किती फरक असला तर हात लावायचा. हजार-बाराशे पिक्सेलच्या फोटोला मी रेडियस ०.३ ते ०.५ ठेवतो, अमाउंट ६० ते ९०, थ्रेशोल्ड ० किंवा १. चेहरा असेल तर थ्रेशोल्ड ३-४ वर नेतो, नाहीतर मॉडेलच्या गालावरची रंध्रं मोजता येतात. रेडियस १ च्या वर गेला की काठाभोवती पांढरी किनार दिसू लागते. लग्नाच्या अल्बमचे कितीतरी फोटो या किनारीमुळे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

फोटोशॉपातली 'ऑटोमॅटिक' पद्धत लहान करताना बायक्युबिक शार्पर वापरते, म्हणजे थोडी धार आधीच लागलेली असते. त्यावर आपली धार चढवली तर दुप्पट होते. मी साधी बायक्युबिक निवडतो आणि धार आपल्या हाताने लावतो.

संक्रांतीच्या आधी काळ्या चंद्रकळा आल्या आणि नवीनच डोकेदुखी झाली. काळ्या कापडावर जरीचे बारीक ठिपके. मोठ्या फोटोत चमकतात, लहान केला की जरीची चमक मळकट. प्रकाशात काही चूक नव्हती. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, ही भानगड होती. शेजारी एक काळा पिक्सेल ० आणि एक पांढरा २५५ असेल तर साधी सरासरी येते १२८. पण डोळ्याला दोघांचा मिळून जेवढा प्रकाश पोचतो, तो जवळजवळ १८८ इतका असतो. म्हणजे प्रत्येक ठिपका लहान होताना हकनाक काळवंडतो. फोटोशॉपात फोटो ३२ बिट मोडमध्ये नेऊन लहान केला, मग ८ बिटवर परत आणला, की हिशेब प्रकाशाचा होतो आणि जरीची चमक जागी येते. रोजच्या कामाला याची गरज नाही. काळ्यावर सोनेरी असेल तेव्हा मात्र फरक उघड दिसतो.

लाल आणि राणी रंगाचं वेगळंच. हिरव्या काठावर लाल मुनिया पक्षी विणलेला असतो, त्याची चोच जेपेगमध्ये फिसकटते. जेपेग जागा वाचवायला उजेडाचा तपशील नीट ठेवतं, पण रंगाचा तपशील पुष्कळदा निम्म्या मापात साठवतं. जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट करताना प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग असतं, तिथे ४:४:४ निवडा, म्हणजे रंगही पूर्ण मापात राहतो. फोटोशॉपच्या सेव्ह फॉर वेबमध्ये क्वालिटी ५० च्या वर ठेवली की हे आपोआप होतं. फाइल जरा जड होते, पण चोच राहते.

बाकीचं भराभर सांगतो. एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून मगच सेव्ह करा, नाहीतर अडोबी आरजीबीतला फोटो काही ठिकाणी निस्तेज दिसतो. फोटोला जेपेग किंवा वेबपी. लोगो, अक्षरं, रेखाचित्र असेल तर पीएनजी. फोनच्या पडद्यावर वेबपानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत खरे दोन-तीन पिक्सेल कोंबलेले असतात, म्हणून ४०० रुंदीच्या चौकटीला ८०० चा फोटो द्या. तिप्पट देण्यात डेटा जातो, डोळ्याला काही मिळत नाही. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, त्यांना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगायची सवय लावून घ्या. मी दिवसातून पाचदा सांगतो.

पैसे नसतील तर जिंप, इरफानव्ह्यू आणि ब्राउझरमधलं स्क्वूश, एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. स्क्वूशमध्ये मधली पट्टी सरकवून आधीचा-नंतरचा फोटो शेजारी दिसतो. क्वालिटी ७० आणि ८५ मधला फरक डोळ्याला शिकवायला त्यासारखी शाळा नाही.

आणि प्रती. सुरुवातीला एकदा मी अख्ख्या फोल्डरवर बॅच चालवली, म्हणजे सगळे फोटो एकदम लहान करायला लावले, ८०० पिक्सेल, आणि आउटपुटचं फोल्डर बदलायला विसरलो. मूळ फाइल्सच्या जागी लहान फाइल्स बसल्या. तीन आठवड्यांनी दुकानाला त्यातल्याच एका पैठणीचा सहा फुटी फ्लेक्स हवा झाला. ८०० पिक्सेल, ७२ इंच, इंचाला ११. मूळ फोटो असता तर ८३ मिळाले असते. साडी तोवर विकली गेली होती. विणकराकडून तशीच दुसरी मागवून पुन्हा शूट केलं, भाडं माझ्या पगारातून. तेव्हापासून माझ्या मूळ फोल्डरचं नाव 'हात लावू नये' असं आहे आणि ते रीड-ओन्ली असतं.

सगळं झाल्यावर मी फोटो साध्या, स्वस्त फोनवर बघतो. एकदा दुकानाच्या वहिनींना फोन दाखवला. मला वाटलं, जरीचा कण न् कण दिसतोय, खूश होतील. त्यांनी खरी साडी फोनशेजारी धरली आणि म्हणाल्या, "भाऊ, ही एवढी चकचकीत नाहीये हो. गिऱ्हाईक बघून घेईल आणि परत पाठवेल." मी अमाउंट ९० वरून ५५ वर आणला. त्यांनी पुन्हा साडी धरली, मान हलवली, आणि पुढची घडी उलगडायला घेतली.