मेंदूतले उभे-आडवे धागे: डिफ्यूजन एमआरआय शिकताना

सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई करून मी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या, म्हणजे एमएसच्या, एमआरआयवर काम करायला लागले, तेव्हा मला कोडिंग येत होतं, मेंदू येत नव्हता. उलट असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

डिफ्यूजन एमआरआयची मूळ कल्पना अवघड नाही. ग्लासातल्या पाण्याचे रेणू सगळीकडे सारखेच भटकतात. मेंदूच्या व्हाइट मॅटरमध्ये मज्जातंतूंच्या जुड्या असतात, तिथे पाण्याला जुडीच्या लांबीने सरकणं सोपं आणि आडवं जाणं जड. स्कॅनर वेगवेगळ्या दिशांनी हेच मोजतो. त्यावरून दर व्हॉक्सेलला (प्रतिमेच्या एकेका छोट्या ठोकळ्याला) टेन्सर, म्हणजे पाणी कुठल्या दिशेला किती सरकतं याचं गणिती वर्णन, बसवायची पद्धत बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी 1994 मध्ये मांडली. गणिताला 6 दिशा आणि एक बी-शून्य (डिफ्यूजनचा परिणाम न घातलेली) प्रतिमा पुरते. प्रत्यक्षात 30 तरी घ्याव्यात. शेवटी हाती येतो एफए (फ्रॅक्शनल अ‍ॅनिसोट्रॉपी), म्हणजे पाण्याचं सरकणं किती एकदिशी आहे याचा आकडा: 0 म्हणजे सगळीकडे सारखं, 1 म्हणजे एकाच रेषेत.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती तंतूंवरच्या मायलिनवर, म्हणजे त्यांच्या आवरणावर, उठते. फ्लेअर नावाच्या एमआरआय प्रतिमेवर पांढरे डाग दिसतात, तिथे एफए घसरतो. पण डागांबाहेर, नेहमीच्या एमआरआयवर धडधाकट दिसणाऱ्या भागातही तो सरासरीने थोडा उतरलेला असतो, आणि या तंत्राचं खरं मोल तिथे आहे.

नवीन माणूस इथेच घसरतो. ‘एफए कमी, म्हणजे मायलिन गेलं’ असं मीही पहिल्या अहवालात बिनदिक्कत लिहिलं होतं. सूज आली तरी एफए उतरतो. मेंदू आक्रसून शेजारचं पाणी व्हॉक्सेलमध्ये शिरलं तरी उतरतो. आणि चादरीसारखे उभे-आडवे तंतू एकाच व्हॉक्सेलमधून जात असतील, तर एकही धागा खराब नसताना उतरतो. अशा ठिकाणी एक जुडी विरळ झाली तर आकडा उलट वाढूही शकतो! ट्रॅक्टोग्राफीचंही, म्हणजे टेन्सरच्या दिशांवरून तंतूंच्या रेषा काढण्याचंही, तसंच. एफए 0.2 च्या खाली गेला की थांब, असं सांगून ठेवलं असेल तर रेषा डागापाशी संपते आणि तंतू तुटल्यासारखा दिसतो. तो तुटलेला असेलच असं नाही.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच होती. ग्रेडियंटच्या, म्हणजे मोजणीच्या दिशांच्या, फाइलमध्ये डाव्या-उजव्या अक्षाचं चिन्ह उलटं पडलं होतं. एफएचे नकाशे सुरेख आले, कारण चिन्हाने एफए बदलत नाही. कॉर्पस कॅलोसमचा, म्हणजे मेंदूचे डावे-उजवे भाग जोडणाऱ्या जुडीचा, मधला भागही बरोबर दिसला, तिथले तंतू सरळ आडवेच असतात. ते पुढे वळतात तिथे रेषा फुटल्या, तोवर तीन आठवडे गेले होते. मामा यंत्रमागावर काम करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “आडवा धागा तुटला की आमचा माग आपोआप थांबतो की गं. तुझं सॉफ्टवेअर थांबत नाही व्हय?”

नाही थांबत. म्हणून एफएसएल, एमआरट्रिक्स, डायपाय यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर वापरा (तिन्ही शिकायला फुकट आहेत), पण आधी कच्च्या प्रतिमा एकेक दिशा करून डोळ्यांनी पाहा, मग टेन्सरच्या दिशा रंगीत नकाशावर ठेवून वळणं तपासा. आणि मे महिन्यात एडी करेक्शन (प्रतिमांमधली विकृती आणि हालचाल दुरुस्त करणारी वेळखाऊ पायरी) रात्री लावणार असाल, तर लाइट जाणार हे धरूनच चाला.