आमवातात चालण्याची चाचणी: या चुका टाळा

सहा मिनिटांत माणूस सपाट जागेवर किती मीटर चालला, एवढंच मोजायचं असतं. पण आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हा आकडा आजाराशिवाय इतर कारणांनीही बदलतो. गेल्या वेळी ३८० मीटर आणि आज ३१०, हे पाहून रुग्ण खचतो. घरचे विचारतात, औषध लागू पडत नाही का? त्याआधी एक तपासावं: दोन्ही वेळा चाचणी एकाच पद्धतीने झाली होती का?

वेळ आणि गोळी

या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, बऱ्याच जणांचे तासभर किंवा त्याहून जास्त. सकाळी आठची चाचणी आणि दुपारी चारची चाचणी यांची तुलना करूच नये. वेदनाशामक किंवा स्टेरॉइडची गोळी किती वाजता घेतली, तेही लिहून ठेवा. चप्पल की बूट, काठी होती की नव्हती, ही नोंद बहुतेक कागदांवर सापडत नाही, आणि नेमकी तीच पुढे लागते.

आखूड पॅसेज

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छाती-फुफ्फुसांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २००२ च्या सूचनांत ३० मीटरचा सरळ मार्ग सांगितला आहे. आपल्याकडे जागा मिळेल तिथे काम भागवतात. ३६० मीटर चालायला ३० मीटरच्या मार्गावर ११ वेळा वळावं लागतं, १५ मीटरच्या मार्गावर २३ वेळा. प्रत्येक वळणाला वेग मोडतो, आणि पाय वळवताना भार पंजावर येतो. आमवातात बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले असतील तर प्रत्येक वळण दुखतं. लांब जागा नसेल तर निदान दर वेळी तीच जागा वापरा आणि तिची लांबी कागदावर लिहा.

सोबत चालणं, घाई करणं

"चला काकू, अजून थोडं, पटापट!" हे आपुलकीने म्हटलं जातं, पण त्याने आकडा वाढतो. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्या सुरातच बोलावं. रुग्णाच्या बरोबरीने चालू नये, नाहीतर तो तुमचा वेग पकडतो. दमला तर थांबू द्या, घड्याळ मात्र चालू ठेवा. पहिल्यांदा चालणाऱ्याला अंदाज नसतो, दुसऱ्या खेपेला अंतर बहुधा वाढतं. ती सुधारणा समजू नका.

का थांबलात, हे न विचारणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. गुडघ्याने थांबवलं की धापेने? अंतर दोन्हीकडे कमीच येतं, पण पुढचे उपाय वेगळे. म्हणून दुखणं आणि दम यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगा. पाय दुखून थांबलेल्या माणसाच्या हृदय-फुफ्फुसांची क्षमता या चाचणीतून कळत नाही. तिथे जमत असेल तर कमी जोराची सायकल चाचणी बरी. मात्र बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारं औषध, चालू असेल तर नाडीवरून काढलेला अंदाज चुकतो.

एकच पद्धत हा नियम इतर चाचण्यांनाही लागू: खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या चाचणीत खुर्चीची उंची तीच हवी. हाताचा आधार घेतला तर तसं लिहा. मुठीची ताकद मोजायचं कडक उपकरण सुजलेल्या बोटांना झेपत नसेल, तर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून काटा २० मिमी (पारा) दाखवेपर्यंत हवा भरा आणि तो दाबायला द्या. दर वेळी त्याच हाताची त्याच हाताशी तुलना करा.

चाचणी घेऊच नये, किंवा थांबवावी, ते केव्हा

गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत वारंवार दुखत असेल तर चाचणी घेऊ नका. बसल्या जागी नाडी १२० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमवातात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. चालताना छातीत दुखलं, दरदरून घाम आला, झोक गेला तर तिथेच बसवा.

अंतर हळूहळू घटतंय, पण गुडघे-घोट्यांची सूज तेवढीच आहे, अशा वेळी मानेकडे लक्ष द्या. या आजारात मानेचे वरचे मणके सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. डोक्याच्या मागे दुखणं, हातांना मुंग्या, पाय लटपटणं यांपैकी काही असेल तर व्यायाम वाढवू नका, मान कुणाकडूनही चोळून घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.