यंत्र माणसाच्या बुद्धीपुढे जाईल का? हा वाद नीट घालायची रीत

‘तंत्रज्ञानाचा वेग असाच वाढत राहिला, तर यंत्र माणसाच्या बुद्धीला मागे टाकेल.’ असा ठराव मांडला की पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींवर बोलू लागतात. एक चिपबद्दल बोलते, दुसरी मनाबद्दल, आणि खंडन कोणाचंच होत नाही. हे टाळायचं तर निम्मं काम सभेआधी उरकावं लागतं.

ठराव असा लिहा

ठरावात चार गोष्टी हव्यातच: मुदत, काम, तुलना कोणाशी आणि निकाल कशावरून. ‘बुद्धी’ हा शब्द शक्यतो गाळा, कारण त्याच्या व्याख्येतच अर्धी सभा संपते. चालेल असा एक मसुदा: ‘२०४५ संपण्याआधी अशी एक यंत्रणा तयार होईल, जी संगणकावर करता येणारं कुठलंही काम त्यात दहा वर्षं मुरलेल्या माणसापेक्षा कमी चुकांत आणि कमी वेळात पूर्ण करेल.’

२०४५ यासाठी, की यंत्रांची बुद्धी माणसांच्या बुद्धीच्या कैकपट होईल त्या वळणासाठी अमेरिकी संशोधक-लेखक रे कुर्झवाइल यांनी २००५ मध्ये हेच साल सांगितलं होतं. शिवाय मुदत ठरली की अनुकूल बाजूला ‘कधीतरी होईलच’ असं म्हणून सुटता येत नाही. ‘एक यंत्रणा’ हे शब्दही मुद्दाम आहेत. ते नसतील तर १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकानं जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना बुद्धिबळात ३.५-२.५ असं हरवलं एवढं सांगून ठराव सिद्ध झाला असं म्हणता येतं. पण डीप ब्लूला बुद्धिबळापलीकडे काहीच येत नव्हतं.

तुलना सामान्य माणसाशी, तज्ज्ञाशी की शेकडो तज्ज्ञ एकत्र काम करतात अशा संस्थेशी? हे तीन वेगळे ठराव आहेत. एकाची निवड करा आणि ती फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्या.

प्रतिकूल बाजूला यंत्रमानव-संशोधक हान्स मोरावेक यांचा १९८८चा मुद्दा वापरायचा असेल, तर वरचा मसुदा तिच्या तोट्याचा आहे. प्रौढांना अवघड वाटणाऱ्या चाचण्या यंत्राला जमवणं सोपं, पण वर्षाच्या बाळासारखं बघणं आणि हालचाल करणं शिकवणं फार कठीण, असं त्यांचं म्हणणं. मग ठरावात हातानं करायची कामंही घ्या. ही घासाघीस सभेआधी व्हावी, ऐन भाषणात नव्हे.

युक्तिवादाच्या तीन कड्या फळ्यावर मांडा

१. गणनशक्ती (संगणकाची आकडेमोड करण्याची ताकद) वाढत राहील.
२. गणनशक्ती वाढली की क्षमता वाढेल.
३. ती क्षमता माणसाच्या पातळीपाशी थांबणार नाही.

अनुकूल बाजूला तिन्ही कड्या टिकवाव्या लागतात. प्रतिकूल बाजूला एकच तोडली तरी पुरते. प्रत्येक वक्त्याला प्रत्येक कडीसाठी आपली खात्री टक्क्यांत सांगायला लावा. तिन्हींना ८० टक्के देणाऱ्याची एकूण खात्री ५१ टक्केच भरते (०.८ × ०.८ × ०.८). दुसरीचा आकडा ‘पहिली टिकली असं धरून’ आणि तिसरीचा ‘पहिल्या दोन्ही टिकल्या असं धरून’ द्यायचा, हे आधी बजावा. नाहीतर गुणाकार चुकतो.

पहिल्या कडीसाठी हिशेब तयार ठेवा. इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरचे घटक (मुख्यतः ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म बटणं) दरवर्षी दुप्पट होतील असं म्हटलं आणि १९७५ मध्ये ते दर दोन वर्षांवर आणलं. १९७१च्या इंटेल ४००४ चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. पन्नास वर्षांत पंचवीस दुपटी म्हणजे सुमारे ७,७०० कोटी. २०२१ मधल्या ॲपलच्या एम१ मॅक्सवर ५,७०० कोटी आहेत. अंदाज चांगलाच जमला म्हणायचा. पण प्रतिकूल बाजूनं लगेच विचारावं: कशाचा अंदाज? उष्णतेमुळे चिपचा घड्याळी वेग (ती सेकंदाला किती ठोके चालते तो) २००५च्या सुमारास जवळजवळ थबकला. त्यानंतरची वाढ एकाच चिपवरचे अनेक गाभे (स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) आणि समांतर गणिताच्या खास चिप यांतून आली. एक आलेख चढता आहे म्हणून त्याच्या शेजारचाही चढता असतो असं नाही.

इथे प्रवासी विमानांचं उदाहरण उपयोगी पडतं. आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारं काँकॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी सेवेत होतं. आजची प्रवासी विमानं आवाजापेक्षा हळू उडतात. वाढ सपाट होण्याआधीचा आलेख बेलगाम वाढीसारखाच दिसतो, आणि आपण त्यावर कुठे आहोत हे आतून बघून कळत नाही. म्हणून ‘आजवर वाढलं म्हणून पुढेही वाढेल’ हा पुरावा मानू नका. वाढीचं कारण मागा.

दुसऱ्या कडीवर सर्वाधिक वेळ द्या

खरा वाद इथे आहे, आणि बहुतेक सभांमध्ये याच कडीवरून उडी मारली जाते. मोठ्या भाषिक मॉडेलांवरच्या (प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकणाऱ्या यंत्रणांवरच्या) २०२०च्या अभ्यासात दिसलं, की गणनशक्ती दसपट केली की पुढचा शब्द ओळखण्यातली चूक साधारण एका ठरावीक प्रमाणातच घटते. म्हणजे खर्च गुणाकारानं वाढवावा तेव्हा सुधारणा पायरीपायरीनं येते. प्रतिकूल बाजूचं सर्वांत भक्कम अस्त्र हेच. अनुकूल बाजूचं उत्तरही तितकंच भक्कम असू शकतं: चुकीतली छोटी घट काही कामांमध्ये ‘अजिबात जमत नाही’पासून ‘बहुधा जमतं’पर्यंतचा पल्ला गाठून देते, आणि नव्या पद्धतींमुळे तीच क्षमता कमी गणनेत मिळते. ही दोन वाक्यं समोरासमोर आली की सभेला खरा रंग चढतो.

तिसऱ्या कडीसाठी गणितज्ञ आय. जे. गुड यांचा १९६५चा युक्तिवाद येणारच: स्वतःपेक्षा हुशार यंत्र बनवणारं यंत्र निघालं की बुद्धीचा स्फोट होईल. त्यावर हिशेब मांडा. पहिली सुधारणा १२ महिन्यांत झाली आणि पुढच्या प्रत्येकीला आधीच्या निम्मा वेळ लागला, तर कितीही सुधारणा २४ महिन्यांच्या आत बसतात. उलट प्रत्येकीला १० टक्के जास्त वेळ लागला, तर दहा सुधारणांनाच जवळपास १६ वर्षं जातात. सगळं त्या एका गुणोत्तरावर आहे. वक्त्यानं ते सांगावं आणि का तेही सांगावं. चिपचे कारखाने उभारणं आणि प्रयोगशाळेतले प्रयोग ही कामं नुसत्या विचाराच्या वेगानं होत नाहीत, हे विसरू देऊ नका.

वेळेची वाटणी

तासाभराच्या सभेत ठरावाच्या अर्थाला ६ मिनिटं, चार भाषणांना ७-७, प्रत्येक भाषणानंतर उलटतपासणीला ३, श्रोत्यांना ८ आणि समारोपाला दोन्ही बाजूंना ३-३. उलटतपासणी कापू नका. खंडनाआधी वक्त्यानं पूर्वपक्ष मांडावा: समोरच्याचं म्हणणं असं सांगावं, की त्यानं ‘हो, हेच’ म्हणावं. तो नाही म्हणाला तर पुन्हा सांगायचं, आणि तो वेळ सांगणाऱ्याच्या खात्यातून जातो.

कुठे बिघडतं

चर्चा जाणिवेवर घसरते. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा १९८०चा चिनी खोलीचा दाखला (चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नुसत्या नियमांवरून चिनीत बरोबर उत्तरं देतो) यंत्राला अर्थ कळतो का याबद्दल आहे. ते काम बरोबर करतं का याबद्दल नाही. नोकऱ्या आणि धोकेही वेगळे ठराव आहेत. सूत्रसंचालकानं तिथल्या तिथे थांबवावं.

फसलेली भाकितं हा दुसरा खड्डा. वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील, असं कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं होतं. ते चुकलं, पण त्यातून मुदत चुकली एवढंच सिद्ध होतं. उलटंही घडलं आहे: गो या पटावरच्या खेळात अल्फागो या संगणक-प्रणालीनं २०१६ मध्ये कोरियाचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४-१ हरवलं, तेव्हा अनेक जाणकारांना ते किमान दहा वर्षं दूर वाटत होतं.

तिसरं, मैदान हलवणं. यंत्राला जे जमलं ते ‘खरी बुद्धी नव्हेच’ असं मागाहून म्हटलं जातं. यावर उपाय एकच आहे. सभेआधी प्रत्येक वक्त्याकडून चिठ्ठी घ्या: ‘पुढील दोन गोष्टी दिसल्या तर मी मत बदलेन.’ गोष्टी तपासता येण्याजोग्या हव्यात. ‘यंत्रात सर्जनशीलता दिसली तर’ अशी चिठ्ठी परत करा. ‘आधी कोणी न सोडवलेला गणिती प्रश्न माणसाच्या मदतीशिवाय सोडवला तर’ अशी घ्या.

श्रोत्यांचं मत सभेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लेखी घ्या: बाजूनं, विरोधात, ठरलेलं नाही. ज्या बाजूकडे जास्त माणसं वळली ती जिंकली. एकूण मतं मोजू नका, ती सभागृहात कोण आलं होतं एवढंच सांगतात. चिठ्ठ्यांवर तारीख घालून त्या पुढच्या वर्षीच्या सभेसाठी पाकिटात ठेवा, आणि ती सभा त्या वाचूनच सुरू करा.